गोखरूच्या वड्या

मी स्वयंपाकी माणूस. माझं लिहिणं म्हणजे सामानाच्या याद्या: डाळ किती, तूप किती, केळीची पानं किती. पण गेल्या वर्षभरात शनिवार पेठेत चार जणांनी मला वाटेत गाठलं, आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग इकडेतिकडे बघत एकच गोष्ट विचारली. चौघंही साठीच्या आसपासचे. चौघांनाही वाटत होतं की हे दुखणं जगात आपल्या एकट्यालाच झालंय. म्हटलं, एकदा लिहून टाकावं. पुढचा आला की कागद त्याच्या हातात द्यायचा आणि आपण आपलं पुरण वाटायला घ्यायचं.

गोष्ट लघवीची आहे. ज्यांना वाचायची लाज वाटेल त्यांनी कागद घडी करून ठेवावा. मात्र दोन-चार वर्षांनी लागेल तेव्हा सापडेल अशा जागी ठेवावा.

*

माझं नाव विश्वनाथभट. पेठेतल्या एका सरदारांच्या वाड्यावर मी वीस वर्षं मुख्य आचारी आहे. वाड्यात शब्द चालतो तो थोरल्या रावांचा. उमेदीत त्यांनी मोहिमा केल्या, आता सत्तरीत घरी बसून सोवळ्याचा बंदोबस्त करतात. त्यांचा नेम असा: आचारी मुकटा, म्हणजे सोवळ्याचं रेशमी वस्त्र, नेसून मुदपाकखान्यात स्वयंपाकाला शिरला की पंगत उठेपर्यंत त्यानं उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडलाच, मग तो लघवीला का असेना, तर हौदावर जाऊन पुन्हा स्नान करायचं आणि दुसरा मुकटा नेसून आत यायचं. इतर घरी हातपाय धुतले, चूळ भरली की भागतं. आमच्याकडे भागत नाही.

वीस वर्षं मला या नेमाचा कधी जाच झाला नव्हता. पहाटे जाऊन यायचं, ते थेट पंगत उठल्यावर. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी काहीतरी बिघडलं. भाताचं आधण ठेवलं की जावंसं वाटायचं. जाऊन आलो, स्नान केलं, वरण घोटायला बसलो की परत. आणि गेलो तर काय, कानाला जानवं अडकवून उभा आहे, उभा आहे, आणि येतात ते चार थेंब. भिंतीवरच्या मुंगळ्यांची माझी ओळख झाली इतका वेळ मी परसात उभा राहिलो.

पौषातल्या थंडीत मी एका सकाळी चार स्नानं केली. माझ्या हाताखालचा गोविंदा आचारी म्हणाला, "विश्वनाथभट, आज काही पर्वणी आहे का? आम्हाला सांगितलं असतं तर आम्हीही पुण्य लाटलं असतं."

मी म्हटलं, "तू आधी तोंडल्यांचे देठ काढायला शीक."

पण त्या दिवशी भाजी खाली लागली, आणि ती माझ्यामुळे लागली. मी हौदावर होतो.

उपाय मला लगेच सुचला. पाणी प्यायचंच नाही. आदल्या संध्याकाळपासून घोटभरही नाही. सात चुली पेटलेल्या, समोर तेलाची कढई, अंगाच्या धारा लागलेल्या, आणि मी कोरडा ठणठणीत. एखादी कळ आलीच तर मांड्या आवळून उभा राहायचो. ती जरा वेळानं आपोआप दबायची. मला वाटलं, जिंकलो.

*

आमच्या कुटुंबाला, सगुणेला, मी काही बोललो नव्हतो. कळलं ते तिला माठामुळे.

"अहो, तुमचा माठ मी तीन दिवस भरला नाही," ती म्हणाली. "तरी भरलेलाच आहे. उपास धरलाय का कसला?"

"हो."

"कोणत्या देवाचा?"

मला पटकन देव सुचेना. ती माझ्यासमोर येऊन बसली. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, रात्री पाच-पाच वेळा उठतो तेही. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"रात्री उठता ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, पोरीच्या सासरचं काही कळलंय आणि माझ्यापासून लपवताय. दोन महिने मी त्या घोरात आहे. तीस वर्षं झाली लग्नाला. मी परकी आहे का?"

मला खरोखर शरम वाटली. माझी भीती मी लपवली, ती तिच्याकडे वेगळंच रूप घेऊन गेली आणि तिला छळत बसली. एवढं मात्र माझं ऐका. बायकोला सांगा. तिला अर्धं ठाऊक असतंच, आणि उरलेलं ती तुमच्याहून वाईट कल्पून बसलेली असते.

दुसऱ्या दिवशी तिनंच मला वैद्यबुवांकडे नेलं.

*

वैद्यबुवांच्या ओसरीवर बसलो होतो तेव्हा माझ्या मनात एकच होतं, मुतखडा. माझे चुलते मुतखड्यानं गेले. त्यांचा खडा काढायला बसले, तो तिसऱ्या दिवशी ते राहिले नाहीत. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्यांचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. त्यामुळे वैद्यबुवांनी नाडी धरली तेव्हा ती नाडी कसली, नगारा वाजत होता.

त्यांनी ओटीपोट दाबून पाहिलं. धार कशी, जळजळ आहे का, रक्त गेलं का, सगळं विचारलं. मग हात धुतले आणि म्हणाले, "खडा नव्हे."

मी इतका मोठा श्वास सोडला की त्यांच्या चौरंगावरची पुडी उडाली.

"शास्त्रात याला अष्ठीला म्हणतात," ते म्हणाले. "मूत्राच्या पिशवीच्या तोंडाशी गाठ वाढते, गोल धोंड्यासारखी. पिकत्या वयात पुष्कळ पुरुषांना होते. कोणी बोलत नाही, म्हणून तुम्हाला वाटलं तुम्हीच पहिले."

"औषध आहे?"

"आहे. गोखरू, घेटुळीचं मूळ आणि वायवर्णाची साल. कुटून सोळा पट पाण्यात उकळा, चौथा हिस्सा उरवा. पेलाभर सकाळी, पेलाभर तिसऱ्या प्रहरी. औषधानं गाठ विरघळेल अशी आशा धरू नका. वाट जराशी सैल होईल, सूज उतरेल. बाकीचं तुमच्या हातात आहे. पाणी प्यायचं आणि वेग आला की जायचं. अडवायचं नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. पोथीतल्या ओवीला मान डोलवावी तशी मान डोलवली. घरी येताना मी लहान पोरासारखा खुशीत होतो. खडा नव्हता ना, मग झालं. अडवू नका हे मला ऐकूच आलं नव्हतं म्हणा ना.

*

आता माझी चूक. ही कोणाही सोम्यागोम्याला जमणारी नाही, त्याला आचारीच लागतो.

घरी पहिला काढा केला. प्यायलो. काय सांगू, असलं पाणी मी भांडी विसळल्यावरही फेकताना विचार करीन. तुरट, मातकट, आणि तेही पेलाभर, म्हणजे माझ्या हिशेबात दोन स्नानं. दोन दिवस प्यायलो. तिसऱ्या दिवशी माझ्यातला आचारी जागा झाला. काढा आटवून चौथा हिस्सा उरवतात, तर आणखी आटवला म्हणून काय बिघडलं? औषध तर आतच राहतं. पाणी तेवढं जातं, आणि पाणीच मला नको होतं.

मी काढा आटवत आटवत पार घट्ट केला. गोखरूची पूड तुपावर परतली, गुळाचा पक्का पाक केला, त्यात सगळं घोटलं, वेलदोडा घातला, किंचित जायफळ, ताटाला तूप लावून थापलं आणि वड्या पाडल्या. काय वड्या झाल्या होत्या. कडा करकरीत, आत मऊ. पितळी डबा भरला. सकाळी दोन, दुपारी दोन. बरोबर पाणी नाही, कारण वडीला पाणी लागत नाही.

आपण वैद्याला सुधारलं अशी माझी खात्री होती.

गोखरू मला आणून द्यायची ठकूबाई, लोणी काळभोरची माळीण. ती आमच्या मुदपाकखान्याला भाजी घालते. मी गोखरू जडीबुटी विकणाऱ्या गंध्याकडून आणतो हे तिला कळलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "भटजी, इकत घेता व्हय? आमच्या बांधावर पायलीनं पडलंय. बैलांच्या खुरात घुसतंय त्ये." मग दर बाजाराला मेथीच्या जुड्यांखाली गोखरूची एक पुरचुंडी आणि घेटुळीची ताजी मुळं असायची. कशाला हवं ते तिनं विचारलं नाही. एकदाच म्हणाली, "आमच्या मालकास्नी बी हाय त्ये. पानी लई पाजा म्हनं वैदू." मी हो हो म्हटलं.

ती बाई कुठलं शास्त्र शिकली नव्हती. तरी तिनं सांगितलं ते बरोबर होतं, आणि मी ते तिच्या भाजीच्या टोपलीत परत ठेवून दिलं.

*

वैशाखात वाड्यावर थोरल्या रावांच्या नातवाची मुंज होती. चारशे पान.

पहाटे चार वड्या खाल्ल्या. आज जास्त लागतील म्हणून दोन आणखी खाल्ल्या. पाणी आदल्या दुपारपासून बंद. सकाळी कळ आली, दाबली. परत आली, दाबली. बाहेर मंगलाष्टकं चालली होती, आत पुरण शिजत होतं, आणि मी जिलब्यांच्या कढईपुढे दातओठ खाऊन उभा. गोविंदा म्हणाला, "जाऊन या, मी बघतो." मी म्हटलं, "तू बघशील आणि जिलबीची चकली होईल."

पंगती उठल्या तेव्हा उन्हं कलली होती. मी परसात धावलो. कानाला जानवं, आणि काही नाही. एक थेंब नाही. पोट फुगून कडक झालेलं, आत कळा, आणि वाट बंद.

मला डोलीत घालून घरी आणलं. वैद्यबुवा आले. पळसाची फुलं शिजवून ओटीपोटावर बांधली, घंगाळात कढत पाणी घालून मला त्यात बसवलं. काही होईना. ती रात्र मी सांगत नाही. चुलत्यांचं ओरडणं मी जे लहानपणी ऐकलं होतं, ते आता माझ्या तोंडून निघत होतं, एवढंच सांगतो. सगुणा माझ्या कपाळावर हात ठेवून बसली होती. पहाटे मी तिला म्हटलं, पोरीला बोलावून घे.

उजाडल्यावर वैद्यबुवा म्हणाले, "आता काढ्याचं काम नाही. नळी घालून पाणी काढलं पाहिजे. दुपारपर्यंत थांबलात तर मी जबाबदार नाही."

"घाला," मी म्हटलं.

"माझा हात त्यात बसलेला नाही. म्हादबा न्हाव्याचा बसला आहे. लष्कराबरोबर होता तो, छावणीतल्या जर्राहाकडून, शस्त्रवैद्याकडून, शिकला. त्याला बोलावतो."

आणि इथे मी, पोट फुटायला आलेला माणूस, नको म्हणालो. हसू नका. माझ्या डोक्यात चारशे पानं होती. म्हादबानं माझ्या तसल्या जागी हात घातला, नळी घातली, हे दुपारपर्यंत पेठभर होणार. मग माझ्या हातचं कोण खाणार? थोरले राव तर लघवीला गेलं तरी स्नान करायला लावणारे. वीस वर्षं मिळवलेलं एकच होतं माझ्याकडे, की माझ्या हातचं लोक डोळे मिटून खातात. ते गेलं तर मी जगून करायचं काय? मी हे सगळं बोललो. कळांच्या मध्ये मध्ये बोललो.

सगुणेनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दर पंधरा दिवसांनी म्हादबा तुमचं डोकं धरतो, गाल धरतो, मान वाकवतो. तेव्हा काय करता?"

"आंघोळ करतो."

"मग आजही करा. क्षौर जरा खाली झालं असं समजा." आणि वैद्यबुवांकडे वळून, "बोलवा त्याला."

तशा स्थितीतही वैद्यबुवांनी हसू दाबायला उपरणं तोंडाला लावलं ते मी पाहिलं.

*

म्हादबा आला. चांदीची नळी, करंगळीहून बारीक, टोकाला किंचित वाकलेली. सगुणेनं ती त्याच्या हातून घेतली, राखेनं घासली आणि कढत पाण्यातून काढली. घरात आलेलं कुठलंही भांडं ती असंच घेते. म्हादबा म्हणाला, "वैनी, सगळी माणसं अशी धुऊन देतील तर निम्मी दुखणी कमी होतील." मग नळीला लोणकढं तूप लावलं.

"भटजी, पुरणपोळीची कणीक कशी ठेवता?"

"सैल," मी म्हटलं.

"मग तसंच अंग सोडा. आवळून धराल तर मला वाट गावणार नाही."

दुखलं. दुखलं नाही असं मी सांगणार नाही. डोळ्यांपुढे काजवे आले. पण मनात जेवढं धरलं होतं त्याच्या चौथ्या हिश्श्यानंही नाही, आणि कोळशाच्या शेगडीवर दोन पापड भाजून होतील एवढ्या वेळात संपलं. मग आवाज आला. तांब्यात पाणी पडल्याचा. एक तांब्या भरला. म्हादबानं सगुणेला दुसरा आणायला सांगितलं.

मी रडलो. मोठ्यानं रडलो, ओसरीवर शेजारी उभे असताना. दुःखानं नाही. इतकं सुख मला जन्मात कधी झालं नव्हतं, मुलीच्या जन्माच्या वेळीही नाही, आणि हे मी मुलीला सांगितलंय. पोट मऊ झालं, आणि घटकाभरात मी घोरायला लागलो.

*

म्हादबा त्यानंतर सहा दिवस सकाळ-संध्याकाळ येत होता. येताना नळी फडक्यात गुंडाळून आणायचा आणि पेठेतल्या बातम्याही. सातव्या दिवशी त्यानं सांगितलं, आज आपापलं जाऊन बघा. सगुणा परसाच्या दाराशी पाठ करून उभी राहिली, जणू काही तुळशीची पानं खुडतेय. मी गेलो. झालं. बारीक धार, मध्ये तुटणारी, पण माझी स्वतःची. बाहेर येऊन मी नुसती मान हलवली आणि ती तुळशीपाशीच खाली बसली.

त्याच दिवशी वैद्यबुवांनी चौकशी केली. "काढा मी दिला तसाच घेत होता ना?"

सगुणेनं आतून पितळी डबा आणून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एक वडी उचलली, वास घेतला, तोंडात टाकली आणि सावकाश चघळली.

"वेलदोडा?"

"हो. आणि जायफळ."

"तरीच." त्यांनी आणखी एक घेतली. "चव उत्तम आहे. फक्त मी औषध सांगितलं होतं, फराळ नव्हे. अहो, तो काढा पेलाभर पाण्यासकट पोटात जायला हवा, तर मूत्र मोकळं होणार. तुम्ही पाणी उडवून लावलंत, वर तूपगूळ घातलात, वर दिवसभर अडवून धरलंत. गोखरूनं काय करायचं, तुमच्या हातापाया पडायचं?"

जाताना त्यांनी डबा बरोबर नेला. औषध म्हणून नाही, दुधाबरोबर खायला.

तेव्हापासून मी काढा प्यायला लागलो, दिला तसा. मातकट असतो. नाक धरून पितो. वर दोन तांबे पाणी. वेग आला की हातातलं टाकून उठतो. महिनाभरात रात्रीचं उठणं पाचावरून दोनावर आलं. लोक विचारतात, गोखरूनंच बरं वाटलं ना? मी खरं सांगतो: मला वाचवलं ते नळीनं. मग पाणी, मग वेळेवर जाणं. काढ्यानं धार सुधारली असं मला वाटतं, आणि वैद्यबुवाही तसंच म्हणतात, पण तो बाकीच्यांना धरून चालतो. नदीकाठी एक बैरागी बसतो, एक मुळी दाखवून गाठ गळून पडेल म्हणतो. त्याच्याकडे जाऊ नका. आणि वाट पुरती बंद झाली तर कुठल्याच पानामुळाची वाट बघू नका. तडक नळीवाल्याला गाठा.

*

शरीर ताळ्यावर आलं, पण माझं अर्धं ओझं तसंच होतं. वाड्यावरून पाच आठवडे काही निरोप नव्हता. चुलीपुढे गोविंदा होता. पेठेत सगळ्यांना सगळं ठाऊक झालं होतं. शास्त्रीबुवांना विचारून मी प्रायश्चित्त घेतलं, पंचगव्य घेतलं, नवं जानवं घातलं. शास्त्रीबुवा म्हणाले, "आजाऱ्याला दोष नाही. पण रावांची समजूत मी घालू शकत नाही."

शेवटी निरोप आला. एकादशी सोडायची होती, घरातलीच पंचवीस पानं, या. मी गेलो. अळूची भाजी केली, पंचामृत केलं, सगळं जपून केलं. पानं वाढली. थोरल्या रावांनी आपोष्णी घेतली, भाताची दोन शितं तोंडाला लावली आणि हात मागे घेतला. भात तसाच, भाजी तशीच. आपोष्णीनंतर पाण्याच्या भांड्याला त्यांनी बोटही लावलं नाही. त्यांनी खाल्लं नाही म्हटल्यावर बाकीच्यांनीही नावाला चिवडलं. पातेली भरलेली परत आली. वाढपी माझ्याकडे बघेनात. गोविंदानं तोंड फिरवलं.

संपलं, मी मनाशी म्हटलं. चुलीजवळ पाटावर बसलो.

तेवढ्यात बोलावणं आलं. थोरले राव माडीवर लोडाला टेकून बसले होते. त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घ्यायला लावलं.

"म्हादबानं नळी घातली म्हणतात."

"होय," मी म्हटलं. आता जायचंच आहे तर बोलून जावं असं वाटलं. "आणि ती वेळ का आली तेही सांगतो. बाहेर पडलं की स्नान, या आपल्या नेमापायी मी पाणी सोडलं होतं आणि अडवून धरत होतो. मरता मरता राहिलो."

त्यांना कोणी असं बोललेलं मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ते रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. मग त्यांनी विचारलं, "दुखतं फार?"

"आता नाही. आता बरा आहे."

"तुमचं नाही विचारत," थोरले राव म्हणाले. "नळीनं."

मी वर पाहिलं. तोंड पांढरं पडलं होतं, कपाळावर घाम होता, आणि एक हात ओटीपोटावर घट्ट दाबलेला होता. त्यांनी पाण्याला बोट का लावलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काल संध्याकाळपासून थेंब नाही. गेले वर्षभर त्रास आहे." त्यांनी लोड पोटाशी ओढला. "मोहिमांवर गोळ्या अंगावरून गेल्या, विश्वनाथभट, तेव्हा मी भ्यालो नाही. आता भितोय. कोणाला सांगू?"

मी त्यांचा हात धरला. मुकट्यातच धरला. "मला सांगितलंत ना, झालं. दुखेल थोडं, मग इतकं बरं वाटेल की रडू येईल. येऊ द्या."

"मागच्या दारानं आणता येईल का त्याला?"

"येईल. पण मागचा बोळ लांब पडतो. आपल्याच्यानं तेवढं थांबवेल का?"

त्यांनी डोळे मिटले आणि नाही अशी मान हलवली. म्हादबा पुढच्या दारानं आला, भर दुपारी, चौकातून, सगळ्यांच्या देखत. मी जिन्याशी उभा होतो. वरून कण्हणं ऐकू आलं, मग शांत झालं, आणि मग म्हादबानं दुसरा तांब्या मागितला.

दिवेलागणीला मी स्नान करून मुदपाकखान्यात गेलो आणि त्यांच्यापुरता मऊ भात टाकला. वर तूप, कडेला मेतकूट. ताट मी स्वतः वर नेलं. थोरले राव भांडंभर पाणी प्यायले आणि त्यांनी भात दोनदा मागून घेतला.